राजीखुशीनं, अक्कलहुशारीनं

कुठलंही खरेदीखत काढून बघा. शेवटाकडे एक वाक्य हमखास सापडतं. हा दस्त मी राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, नशापाणी न करता लिहून देत आहे. व्यवहार दोन गुंठ्यांचा असो की दहा एकरांचा. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत समोर बसवून विचारतात, वाचलंत का, कबूल आहे का, सही तुमचीच ना. अंगठा, फोटो, ओळख पटवायला दोन माणसं. "तो काही बोलला नाही, गप्पच होता, तेव्हा त्याची जमीन माझ्या नावावर करा" असं तलाठ्याला जाऊन सांगा आणि बघा तो काय म्हणतो ते.

म्हणजे संमती कशाला म्हणतात हे महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही कळतं. कळत नाही असं फक्त एकाच बाबतीत सांगितलं जातं.

तिथे आपलं शास्त्र वेगळं. मौनं संमतिलक्षणम्. बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर मुलगी पोह्यांचा ट्रे ठेवून खाली मान घालून बसली की "पसंत आहे हो तिला, लाजतेय". रडली तर "माहेर सुटणार म्हणून रडतेय". आईने आत नेऊन विचारलं आणि तिने नुसते खांदे उडवले, तरी बाहेर येऊन होकारच सांगितला जातो. अशा घरांत वाढलेली पोरं-पोरी अठराव्या वर्षी कॉलेजच्या गेटातून आत येतात. त्यांना एकमेकांचं "हो" आणि "नाही" आपोआप समजेल, ही आपली अपेक्षा. कुणी शिकवलंय?

सध्या प्रवेशांचा हंगाम आहे म्हणून हे लिहितेय. २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी राज्य सरकारने पूर्ण माफ केली. निर्णय उत्तम, त्याबद्दल दुमत नाही. ज्या घरातून आजवर कुणी बाई बारावीच्या पुढे गेली नव्हती, तिथल्या पोरी आता फार्मसीला, इंजिनिअरिंगला येतायत. पण फी भरावी लागली नाही म्हणजे मुलगी तिथे टिकली असं होत नाही. टिकू न देण्याच्या आपल्या पद्धती फीपेक्षा जुन्या आहेत.

तालुक्याच्या ठिकाणी कॉलेजात शिकवण्यात माझी वीसेक वर्षं गेली. त्यातली काही वर्षं अंतर्गत तक्रार समितीवर होते. तिथली प्रकरणं सांगणार नाही, ती गोपनीय असतात आणि असायलाच हवीत. पण समितीपर्यंत काहीच न येणारं जे रोजचं असतं, ते सांगायला कुणाची आडकाठी नाही.

गॅदरिंगमधला फिशपॉन्ड आठवतो? चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांना आठवेल. खोक्यात निनावी चिठ्ठ्या टाकायच्या आणि स्टेजवरून कुणीतरी मिश्किल आवाजात वाचायच्या.  जाड मुलीवर एक, सावळ्या मुलीवर एक, जिला मित्र आहे असा संशय तिच्यावर चार. मुलांवरही असायचे, नाही असं नाही. पण ते त्याच्या फाटक्या चपलेवर नाहीतर एटीकेटीवर. मुलीवरचा फिशपॉन्ड तिच्या अंगावरच यायचा. पहिल्या रांगेतले सर लोक खो खो हसायचे, मॅडम लोक पदर तोंडाला लावून हसायच्या. आणि त्या मुलीलाही हसावं लागायचं. नाही हसली तर "भाव खाते". हसली तर "पटणारी आहे". दोन्हीकडून तीच अडकते हे लक्षात घ्या, पुढे हेच लागणार आहे.

आता खोकं गेलं, इन्स्टाग्रामवर कन्फेशन पेज आलं. व्हॉट्सॲपवर वर्गातल्या पोरांचा वेगळा ग्रुप असतो आणि त्यात मुलींना दहापैकी मार्क देतात. चिठ्ठी निदान गॅदरिंगपुरती असायची, संपली की संपली. स्क्रीनशॉट फिरत राहतो. गावात काकांच्या मोबाइलवर पोचतो.

याशिवाय आमच्या लोकांचं, म्हणजे शिकवणाऱ्यांचं, असतंच. वर्कशॉपमध्ये "तू रीडिंग लिहून घे, मशीन तो चालवेल". तोंडी परीक्षेत "लग्नाचं काय ठरवलंय?" पीएच.डी.ला आलेल्या मुलीला "सीट अडवू नकोस हं, मध्येच बोहल्यावर चढशील". राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात मुलांचं श्रमदान बंधाऱ्यावर, मुलींचं चुलीपुढे. कार्यक्रमाला मंत्री आले की ओवाळायला, गुच्छ द्यायला साडीतल्या मुली. मुलगा गुच्छ देताना दिसला तर मंत्र्याला काय विंचू चावणार आहे?

लोक म्हणतील, हे सगळं ठीक आहे, पण याचा त्या मोठ्या गोष्टीशी, जबरदस्तीशी काय संबंध? माझ्या मते सरळ संबंध आहे. मुलीच्या चेहऱ्यावरची नाराजी ही करमणूक असते, असं ज्या पोराने तीन वर्षं सार्वजनिकरीत्या, शिक्षकांच्या साक्षीने शिकलंय, तो एकांतात तीच नाराजी बघून थांबेल कशाला?

समितीवर असताना मी काही वाक्यं इतक्या वेळा ऐकली की ती कुणा एकाची राहिली नाहीत. "ती हसून बोलायची." "गाडीवर मागे बसली होती, मॅडम." "पहिला मेसेज तिनेच केला होता." "रूमवर आली म्हणजे काय समजायचं माणसाने?" "नाही म्हणाली, पण जोरात नाही म्हणाली नव्हती." एक वाक्य मात्र मला एकदाही ऐकायला मिळालं नाही. "मी तिला विचारलं." विचारणं हा प्रकारच त्या गोष्टीत नव्हता. खुणा वाचायच्या होत्या, आणि वाचणारा तोच, अर्थ लावणाराही तोच.

ही पोरं काही आभाळातून पडलेली नाहीत. आपल्या मोठमोठ्या न्यायालयांनीही असंच वाचलंय. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे, एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. वय चौदा ते सोळाच्या मधलं. आरोपी पोलीसच. सत्र न्यायालयाने तिच्याच चारित्र्यावर बोट ठेवलं आणि संमती होती म्हणून आरोपींना सोडलं. नागपूर खंडपीठाने उलटवलं. भीतीपोटी शरीर स्वाधीन करणं म्हणजे इच्छा असणं नव्हे, असा फरक उच्च न्यायालयाने केला होता. पण १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष ठरवलं. का, तर अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केला नव्हता. पोलीस ठाण्यात, रात्री, पोलिसासमोर, एका मजूर पोरीने ओरडायला हवं होतं! कुणाला हाक मारून? पोलिसांना?

हीच ती मथुरा केस. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. प्राध्यापकांनी, हे मुद्दाम सांगतेय. स्टाफरूममध्ये बसून सातव्या वेतन आयोगाच्या फरकाची बेरीज करण्यापलीकडेही आपल्याला काही करता येतं. १९८० मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात, शरीरसंबंध सिद्ध झाला आणि बाई संमती नव्हती म्हणाली, तर न्यायालयाने संमती नव्हती असंच धरून चालायचं.

पुढची पायरी यायला आणखी तीस वर्षं लागली. दिल्लीच्या घटनेनंतर, न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर, २०१३ च्या दुरुस्तीत पहिल्यांदा संमतीची व्याख्या आली. आता ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये आहे. साध्या भाषेत सांगायचं तर, संमती म्हणजे निःसंदिग्ध आणि स्वेच्छेने दिलेली कबुली. शब्दांनी, हावभावांनी किंवा इतर कुठल्याही प्रकारे स्त्रीने ती कळवलेली असली पाहिजे. आणि ती त्या विशिष्ट कृतीपुरती असते. तिने अंगाने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून ती राजी होती असं म्हणता येत नाही. नशेत असल्यामुळे काय चाललंय हेच तिला कळत नसेल, तर त्या अवस्थेतल्या "हो"ला कायद्यात किंमत नाही. आता ही व्याख्या खरेदीखताच्या त्या वाक्याशेजारी ठेवून वाचा. राजीखुशी आहे, अक्कलहुशारी आहे, दडपण नको, नशापाणी नको. इंग्रजीत ज्याला "एन्थुझिॲस्टिक कन्सेंट" म्हणतात, ते परदेशातून आलेलं फॅड आहे असं मला ऐकवणाऱ्यांनी आपल्याच आजोबांची कागदपत्रं उघडून बघावीत.

तरी २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका संशोधक विद्यार्थिनीच्या प्रकरणात आरोपीला संशयाचा फायदा दिलाच. दोघं ओळखीचे असतील, सुशिक्षित असतील, आधी जवळीक असेल, तर क्षीण आवाजातला नकार खरोखर नकारच होता का हे सांगणं अवघड असतं, असं त्या निकालात म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. "जोरात नाही म्हणाली नव्हती" म्हणणारं आमच्याकडचं पोरगं आणि तो निकाल, अंतर तसं फार नाही.

आता जरा अडचणीचं बोलते. पोरांशी मोकळं बोलायला बसलं की एक प्रश्न येतोच, आणि तो चावटपणाने विचारलेला नसतो. "मॅडम, चांगल्या घरातली मुलगी लगेच हो कशी म्हणेल? आवडत असलं तरी आधी नाहीच म्हणणार ना?" खरं आहे. आपण मुलींना तसंच वाढवलंय. जी "हो" म्हणाली ती चालू, जी आपणहून म्हणाली ती त्याहून चालू. मग जिला खरंच आवडतंय तीही आधी नाहीच म्हणते, आणि जिला नकोय तीही नाहीच म्हणते. शब्द एकच. मुलाने निवाडा करायचा, आणि तो निवाडा स्वतःच्या सोयीचाच करणार. उरलंसुरलं काम सिनेमे करतात. हिरोने पहिल्या अर्ध्या तासात मागे मागे फिरायचं आणि मध्यंतरापर्यंत तिने विरघळायचं.

म्हणून मला वाटतं, नुसतं "नाही म्हणजे नाही" शिकवून भागणार नाही. मुलीला "हो" म्हणायची सोय नसेल तर तिच्या "नाही"ला वजन येणारच नाही. तिला कुणी आवडू शकतं, तिला हवंसं वाटू शकतं, तिने आपणहून विचारलं तर तिची किंमत कमी होत नाही, हे मान्य करावं लागेल. आणि हे फक्त पोरांनी नाही, आपण आया-मावश्यांनी आधी मान्य करावं लागेल. इथे माझ्या बऱ्याच मैत्रिणी गप्प होतात. "मुलांना शिकवा" म्हटलं की टाळ्या पडतात. "मुलींना हो म्हणू द्या" म्हटलं की विषय बदलतो.

नकार न पचवण्याला आपल्या वर्तमानपत्रांनी एक गोड नाव दिलंय. एकतर्फी प्रेम. १९९० मध्ये उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला वर्गात घुसून जाळलं, ते एकतर्फी प्रेम. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटात कॉलेजवर शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर चौकात पेटवलं, तेही एकतर्फी प्रेम. तिचा आठवड्याभरात मृत्यू झाला, आरोपीला दोन वर्षांनी जन्मठेप झाली. जून २०२३ मध्ये पुण्यात सदाशिव पेठेत एका विद्यार्थिनीमागे कोयता घेऊन धावला, पुन्हा तेच. तिथे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं मध्ये पडली म्हणून ती वाचली. ती पोरंही आपलीच, हेही सांगायला हवं. पण चोरी करणाऱ्याला आपण "एकतर्फी खरेदीदार" म्हणतो का? नको म्हटल्यावरही मागे फिरणं, सतत मेसेज करत राहणं हा पाठलागाचा गुन्हा आहे, २०१३ पासून कायद्यात आहे. किती कॉलेजांच्या माहितीपुस्तिकेत ते छापलेलं असतं? बारावीच्या पोरांना तर एवढंही कुणी सांगत नाही की, अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा संमती मानतच नाही.

राहिला तक्रारीचा प्रश्न. मुली तक्रार का करत नाहीत? "हिंमत नसते" हे उत्तर मला पटत नाही. हिंमत भरपूर असते. पहाटे साडेपाचची एसटी पकडून, दोन तास उभं राहून कॉलेजला येणाऱ्या पोरीला हिंमत शिकवायची गरज नाही. ती हिशोब करते. तक्रार केली तर पहिला फोन घरी जाणार. घरी फोन गेला की मोबाइल काढून घेणार, मग कॉलेज बंद, मग स्थळं बघणार. ज्याने केलं त्याचं काय होणार ते नंतर ठरेल, तिचं त्याच आठवड्यात ठरतं. एवढी किंमत मोजून न्याय कोण घेईल? जोवर तक्रारीची शिक्षा तक्रार करणारीला होते, तोवर "आमच्याकडे एकही तक्रार नाही" असं नॅकच्या अहवालात लिहिणाऱ्या कॉलेजाने अभिमान बाळगू नये.

यूजीसीची २०१५ ची नियमावली आहे, बंधनकारक आहे. तिच्यात चांगल्या गोष्टी आहेत आणि त्या कुणी वाचत नाही. समितीची अध्यक्ष वरिष्ठ महिला हवी, निम्म्याहून कमी महिला असता कामा नयेत, बाहेरच्या संस्थेची एक व्यक्ती हवी. विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत, तेही निवडून आलेले. कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशी पदावरची माणसं समितीत नकोत. तक्रार तीन महिन्यांत करायची, कारण पटलं तर मुदत आणखी तीन महिने वाढते. चौकशी ९० दिवसांत संपवायची. मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही त्रासाला बळी पडतात याची नोंद त्यात आहे. आणि माझं सगळ्यात आवडतं कलम म्हणजे, सुरक्षिततेचं कारण सांगून मुलींच्या वसतिगृहाला मुलांपेक्षा वेगळे, जाचक नियम लावता येणार नाहीत. वाचून हसू आलं ना? आपल्याकडे मुलींचं होस्टेल सातला बंद आणि मुलांच्या होस्टेलला गेटच नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात मुली रस्त्यावर बसल्या त्या यावरूनच. छेडछाड संध्याकाळी झाली, आवारातच झाली, आणि प्रश्न तिलाच विचारला गेला की तू त्या वेळी बाहेर काय करत होतीस.

हे सगळं बोललं की दोन हरकती येतात. पहिली, "मग आता पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहून घ्यायचं का?" (शंभराचा आता चालत नाही, तेवढं बरोबर माहीत असतं.) लिहून नको घेऊस, बाबा. विचार. चेहरा बघ. आखडली, गप्प झाली, हात बाजूला केला, तर थांब. काल हो म्हणाली होती ते कालचं. फोटो काढू दिला म्हणजे तो मित्रांना पाठवायलाही हो म्हणाली असं नाही, कायदा हेही स्पष्ट सांगतो. तुला विचारायला लाज वाटत असेल, तर जे करायला निघालायस त्याला अजून वेळ आहे असं समज.

दुसरी हरकत खोट्या तक्रारींची. जाणूनबुजून खोटी तक्रार केली असं सिद्ध झालं तर कारवाईची तरतूद नियमातच आहे. पण सिद्ध न झालेली तक्रार म्हणजे खोटी तक्रार नव्हे, हेही तिथेच लिहिलंय. ज्यांना या हरकतीची मनापासून काळजी आहे त्यांनी तर समिती नीट चालावी म्हणून आमच्याआधी आग्रह धरायला हवा. नीट चौकशी झाली तरच निर्दोष पोरगा निर्दोष ठरेल ना?

तर ज्यांची पोरं-पोरी यंदा कॉलेजला जातायत त्यांच्यासाठी एक काम. प्रवेशाला जाल तेव्हा फी-काउंटरवरून परत फिरताना नोटीस बोर्डापाशी थांबा. अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर लावलेत का बघा. लावले असतील तर तारीख बघा, पुष्कळ ठिकाणी बदली होऊन गेलेल्या मॅडमचं नाव अजून असतं. नसतील तर ऑफिसात विचारा. मुलीच्या बापाने विचारलं तर ऑफिस लगेच हलतं आणि मुलाच्या बापाने विचारलं तर चकित होतं, तेव्हा मुलाच्या बापांनी जरूर विचारा. अनुदानित कॉलेज असेल तर माहितीच्या अधिकारात गेल्या तीन वर्षांतल्या समितीच्या बैठकांच्या तारखा, आलेल्या तक्रारींची संख्या आणि विद्यार्थी प्रतिनिधींची निवड कशी झाली, एवढंच मागा. नावं मागू नका, ती मिळणार नाहीत आणि मिळूही नयेत. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. नमुना माझ्याकडे तयार आहे, हवा असेल त्यांनी इनबॉक्समध्ये कॉलेजचं गाव तेवढं कळवा.